वखारीची किल्ली कोणाकडे?

पुणतांबा हे नाव महाराष्ट्राला मुख्यतः दोन कारणांनी ठाऊक आहे. गोदावरीच्या काठची चांगदेव महाराजांची समाधी हे एक, आणि १ जून २०१७ रोजी इथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप हे दुसरे. दौंड-मनमाड लोहमार्गावरून नेहमी प्रवास करणाऱ्यांना तिसरेही कारण माहीत असते; साईनगर शिर्डीकडे जाणारा रेल्वेचा फाटा याच स्थानकातून फुटतो. मला मात्र अलीकडे या गावाचे एक चौथे कारण मिळाले आहे. इथल्या एका घरात कांडलेली लसणाची चटणी आणि गोडा मसाला दिल्ली-बंगळुरूची मराठी कुटुंबे मागवतात. मागणी नोंदवली जाते मोबाइलच्या पडद्यावरच्या दुकानात, मालकीण असते पुणतांब्यात आणि पुडा निघतो भिवंडीच्या गोदामातून. ज्या गोदामातून तो निघतो ते तिचे नाही, ज्या हातांनी तो बांधला जातो ते तिच्या माणसांचे नाहीत, आणि ज्या गिऱ्हाइकाला तो मिळतो त्याला यातले काहीच माहीत नसते. माहीत असण्याचे कारणही नाही. पुडा वेळेवर आला म्हणजे झाले.

ही मालकीण म्हणजे माझ्या एका जुन्या खातेदाराची सून. बँकेतल्या नोकरीची काही वर्षे मी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात काढली, त्या काळापासूनचा हा घरोबा. तिचे सासरे मला अजून ‘साहेब’ म्हणतात आणि ती ‘काका’ म्हणते. सुरुवातीला दिवसाला पाच-सात पुडे जात. ओसरीवर बसून सासू-सुना ते बांधत, चिकटपट्टी लावत आणि मुलगा मोटारसायकलवरून कुरिअरवाल्याकडे पोचवून येई. मागणी वाढली तशी ओसरी अपुरी पडू लागली. लांबच्या गावी माल पोचायला सहा-सहा दिवस लागत. तेव्हा कोणीतरी सुचवले, की माल एकदाच मोठ्या प्रमाणात भिवंडीच्या एका गोदामात नेऊन ठेवा. ते खोक्यामागे भाडे घेतील, प्रत्येक मागणीमागे बांधणावळ घेतील आणि तुमचे ऑनलाइन दुकान त्यांच्या संगणकाला जोडून देतील. सुनेने पाटल्या आणि गंठण तारण ठेवून पैसा उभा केला, मसाल्याचा मोठा घाणा काढला आणि टेम्पो भरून भिवंडीला पाठवला.

ही पद्धत काही तिच्यासाठी नव्याने निघालेली नाही. दुसऱ्याचा माल आपल्या गोदामात ठेवून घ्यायचा आणि मागणीप्रमाणे तो गिऱ्हाइकाला पोचता करायचा, हा धंदा अॅमेझॉनने अमेरिकेत २००६ साली इतर विक्रेत्यांसाठी खुला केला. भारतात ती कंपनी जून २०१३ मध्ये आली, तेव्हा तिने आपले पहिले गोदाम भिवंडी परिसरातच घेतले. पुढे १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला. राज्याराज्यांच्या करांतून वाट काढण्यासाठी प्रत्येक राज्यात छोटे गोदाम ठेवण्याची जुनी गरज कमी झाली आणि मोठ्या गोदामांना जोर आला. यंत्रमागाच्या खडखडाटासाठी प्रसिद्ध असलेल्या भिवंडीच्या अवतीभवती आज पत्र्याच्या उंच छपरांची रांगच्या रांग दिसते, ती या उलाढालीची.

गेल्या दिवाळीच्या आधी सुनेने एक ‘दिवाळी भेट’ काढली. चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला असे तीन पुडे एका खोक्यात. दुकानाच्या पडद्यावर ही एक वस्तू होती. गोदामाच्या नोंदीत मात्र अशी वस्तूच नव्हती. तिथे होते तीन वेगवेगळे पुडे. चटणी सुटीही विकली जात होती. ती संपली, पण ‘दिवाळी भेट’ शिल्लक आहे असे दुकान सांगत राहिले आणि लोक पैसे भरत राहिले. दोन दिवसांत साठाहून अधिक खोकी विकली गेली, ज्यांत घालायला चटणीच नव्हती. गोदाम म्हणाले, आम्हाला कळवलेच नाही. दुकानाचे सॉफ्टवेअर सांभाळणारे म्हणाले, आम्ही कळवले होते. दोघांची नावे इथे नकोत. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते, हीच तर खरी अडचण होती.

तिचा रात्री फोन आला. “काका, गोदामात माल नाही आणि दुकान विकतंय. बँकेत असं कधी व्हायचं का हो?”

मी म्हटले, “अगं, हे होऊ नये म्हणूनच तर बँका चालतात.”

वाचकांना हे उत्तर फुशारकीचे वाटेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. पुणतांबा ज्या राहाता तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातल्या लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० साली त्याचे गाळप सुरू झाले. मग जिल्हाभर कारखाने झाले. कारखान्याची साखर गोदामात पडून असते आणि ऊसवाल्याला पैसे मात्र आधी द्यावे लागतात. त्यासाठी बँक साखरेवर तारण कर्ज देते. साखर कारखान्याची, गोदामही कारखान्याचे, पण कुलूप बँकेचे. दारावर पाटी : आतील माल अमुक बँकेकडे तारण आहे. कारखान्याने साखर विकली, पैसे खात्यात भरले, की बँक तेवढ्याच पोत्यांची सोडचिठ्ठी देणार आणि तेवढीच पोती बाहेर पडणार. विकणारा एकीकडे, माल दुसरीकडे, किल्ली तिसऱ्याकडे. नीट पाहिले तर सुनेच्या धंद्याची बांधणी तीच आहे. फरक एवढाच, की आमची चिठ्ठी शिपायाच्या हातून जाई आणि हिची तारेतून जाते.

आम्ही महिन्याला गोदाम तपासायला जात असू. पोत्यांची थप्पी लांबी, रुंदी आणि उंची मोजून गुणाकार करायचा, हा सोपा हिशेब. पण जुने अधिकारी नव्यांना सांगत, की थप्पीवर चढून मधली चार पोती हलवून पाहा. बाहेरून भरीव दिसणारी थप्पी आतून पोकळ रचता येते. वहीत पोती आहेत आणि जागेवर पोती आहेत, या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे बँकेत मला या थप्प्यांनी शिकवले.

मुंबईच्या पैशाच्या बाजाराने हाच धडा फार महागात घेतला. १९९२ च्या रोखे घोटाळ्यात बँका एकमेकींना प्रत्यक्ष रोख्यांऐवजी पावत्या देत होत्या. बँक ऑफ कराड आणि मेट्रोपॉलिटन सहकारी बँक यांच्या पावत्यांमागे रोखेच नव्हते, हे उघड झाले आणि दोन्ही बँका बुडाल्या. त्यानंतर २१ वर्षांनी, ३१ जुलै २०१३ रोजी, मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजने आपले बहुतेक व्यवहार थांबवले. हा तर संगणकावरचाच बाजार होता. पडद्यावर सौदे, आणि सौद्यांमागे ठिकठिकाणच्या गोदामांतला शेतमाल, अशी कल्पना. प्रत्यक्षात अनेक गोदामांत सांगितलेला माल सापडला नाही आणि सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे जवळजवळ ५,६०० कोटी रुपये अडकले. पडद्यावरचा आकडा म्हणजे फक्त एक पावती आहे. तिच्यामागे पोते आहे की नाही, हे कोणीतरी थप्पीवर चढूनच पाहावे लागते.

सुनेच्या बाबतीत लबाडी कोणाचीच नव्हती. होता तो दोन वह्यांमधला विसंवाद. आणि इथे मला पुणतांब्याचीच एक कथा आठवते. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून चांगदेवांनी त्यांना पत्र लिहायला घेतले. ज्ञानाने मोठे, वयाने लहान. मायना काय लिहावा? ‘चिरंजीव’ म्हणावे की ‘तीर्थरूप’? ठरेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवून दिला. त्याचे उत्तर म्हणजे ६५ ओव्यांची ‘चांगदेव पासष्टी’. कोऱ्या कागदाला असे उत्तर द्यायला समोर ज्ञानदेव लागतात. गोदामाच्या संगणकाकडून ती अपेक्षा करता येत नाही. दोन यंत्रणांमध्ये मायना आधी ठरलेला नसेल, तर निरोप जातो, पोचतो आणि कोराच राहतो. दुकान ‘दिवाळी भेट’ म्हणाले. गोदामाला तो शब्दच ठाऊक नव्हता.

म्हणून सुनेबरोबर बसून आम्ही जी उजळणी केली, ती इथे सांगतो. आज गावोगावी महिला बचत गट, तरुण मुले, निवृत्त मंडळी ऑनलाइन विक्रीत उतरत आहेत. कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट नावाची. प्रत्येक वस्तूला एकच सांकेतिक क्रमांक हवा, आणि तो दुकानात, गोदामात व पुड्यावरच्या रेघांच्या पट्टीत अक्षर न् अक्षर सारखा हवा. पाव किलो आणि अर्धा किलो या दोन वेगळ्या वस्तू. तीन पुड्यांचे खोके असेल तर त्यात कोणते तीन पुडे, हे दोन्ही संगणकांना आधी सांगितले पाहिजे. म्हणजे त्यातला एक संपला की खोकेही आपोआप ‘शिल्लक नाही’ होते.

दुसरी गोष्ट शिल्लकेची. दोन वह्यांत फरक पडला तर खरी कोणती, हे धंद्याच्या पहिल्या दिवशी ठरवावे लागते. प्रत्यक्ष मालाची खरी वही गोदामाचीच; दुकानात दिसते ती तिची नक्कल. नक्कल दर क्षणी ताजी होते की तासातून एकदा, हे विचारून घ्यावे. तासाने होत असेल, तर त्या तासात एकच पुडा दोघांना विकला जाऊ शकतो. शिवाय ‘आहे’ या शब्दालाही तीन अर्थ आहेत : जागेवर असलेला माल, त्यातला मागणी आलेला पण अजून न बांधलेला माल आणि उरलेला विकाऊ माल. दुकानात तिसराच आकडा दिसला पाहिजे. सणासुदीला त्यातूनही थोडा राखून उरलेलाच दाखवावा. बँकेत आम्ही तारणाच्या पूर्ण किमतीवर कर्ज देत नसू. काही टक्के दुरावा ठेवत असू. तोच न्याय इथे.

तिसरी गोष्ट पोचेची. दुकानाने मागणी पाठवली आणि गोदामाकडून पोच आली नाही, तर काय समजायचे? मागणीच पोचली नाही, की मागणी पोचली आणि पोच वाटेत हरवली? दुकान पुन्हा पाठवते आणि गिऱ्हाइकाला एकाऐवजी दोन पुडे जातात. संगणक येण्याआधी एका शाखेने काढलेला ड्राफ्ट दुसरी शाखा वटवी, तेव्हा मागाहून टपालाने सूचनापत्र येई. तेच सूचनापत्र दोनदा आले तर रक्कम दोनदा नोंदली जाऊ नये, म्हणून प्रत्येकावर क्रमांक असे आणि क्रमांक पाहिल्याशिवाय नोंद होत नसे. मागणीलाही असा न बदलणारा क्रमांक हवा. तोच क्रमांक पुन्हा आला तर गोदामाने ‘हे झाले आहे’ एवढेच म्हणावे, नवा पुडा बांधू नये.

चौथी गोष्ट परतीची. आपल्याकडे घरपोच रोखीचा रिवाज मोठा. गिऱ्हाईक घरी नसते, कोणाचे मन बदलते आणि पुडा परत येतो. तो तपासल्याशिवाय विकाऊ मालात धरू नये. खाद्यपदार्थ असेल तर ज्याची मुदत आधी संपते तो आधी बाहेर जावा, म्हणजे मुदतीची तारीखही गोदामाच्या नोंदीत हवी. रद्द झालेली मागणी बांधणाऱ्याच्या हातात पडण्याआधी थांबते की नंतर, हेही एकदा खोटी मागणी टाकून आणि ती रद्द करून पाहावे.

पाचवी गोष्ट कागदाची. आपला माल दुसऱ्याच्या ताब्यात देणे याला १८७२ च्या करार कायद्यात निक्षेप म्हणतात. सांभाळणाऱ्याने तो माल, एखादा शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढ्या काळजीने सांभाळला पाहिजे, असे कलम १५१ सांगते. पण काळजी घेऊनही नुकसान झाले तर? उंदीर, पाणी, आग? विमा कोणी उतरवायचा, मोजणीत तूट आली तर कोणी भरायची, भाडे थकले तर माल अडवता येईल का, हे करारात लिहून घ्यावे. गोदामाचा पत्ता वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत व्यवसायाचे जादा ठिकाण म्हणून दाखवावा लागतो. गोदाम दुसऱ्या राज्यात असेल तर त्या राज्याची वेगळी नोंदणी लागते. खाद्यपदार्थ ठेवणाऱ्या गोदामाकडे स्वतःचा अन्न परवाना आहे का, तेही पाहावे.

एवढे सगळे घरगुती मसाल्यासाठी कशाला, असे कोणी म्हणेल. मोठ्यांचीही गत वेगळी नसते. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीने आपली पुरवठ्याची व्यवस्था नव्या कंत्राटदाराकडे सोपवली. रग्बी गावातल्या एकाच गोदामातून सगळ्या देशाला कोंबडी जायची होती. नवी घडी बसली नाही आणि सुमारे ९०० दुकानांपैकी निम्म्याहून अधिक दुकाने काही काळ बंद ठेवावी लागली. कोंबडी तळण्याचा ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे कोंबडीच नव्हती. देशात कोंबड्या मुबलक होत्या; दुकानापर्यंत येण्याचा त्यांचा रस्ता तेवढा तुटला होता.

पुणतांब्याला याची जाण इतरांपेक्षा जास्त असावी. २०१७ च्या संपात शेतकऱ्यांनी दूध आणि भाजीपाला शहरांकडे पाठवणे थांबवले, तेव्हा हा रस्ता किती जणांच्या घरापर्यंत जातो हे मुंबई-पुण्याला दोन दिवसांत कळले. त्या आंदोलनातून २४ जून २०१७ रोजी दीड लाख रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीची योजना जाहीर झाली. एकूण बोजा ३४ हजार कोटींचा सांगितला गेला. अर्ज ऑनलाइन भरायचे, बँकांनी आपली माहिती पाठवायची आणि दोन्हींचा मेळ घालून पात्र शेतकऱ्यांची यादी काढायची, असे ठरले. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबरला, पहिली प्रमाणपत्रे दिली गेली आणि पाठोपाठ याद्यांतल्या विसंगती बाहेर आल्या. कुठे नाव जुळेना, कुठे आधार क्रमांक, कुठे खाते. पैसा मंजूर होता, शेतकरी दारात उभा होता. अडले होते ते दोन वह्यांच्या जुळणीपाशी. चटणीचा पुडा चार दिवस उशिरा पोचला तर माफी मागून भागते. कर्जाच्या यादीत नाव उशिरा आले तर हंगाम हातचा जातो.

आणि वखारीचा प्रश्न शेतकऱ्याला मसाल्याच्या कितीतरी आधीपासून आहे. माल निघाला की त्याच दिवशी विकावा लागतो, कारण ठेवायला जागा नाही आणि थांबायला पैसा नाही. याच जाणिवेतून १९५७ साली केंद्राचे आणि आपल्या राज्याचे वखार महामंडळ स्थापन झाले. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा आणि किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलायचे. २००७ च्या कायद्याने गोदामाच्या पावतीला हस्तांतरणीय दस्तऐवजाचा दर्जा दिला, आणि संपाच्याच वर्षी, सप्टेंबर २०१७ मध्ये, ही पावती संगणकावर आली. सोयाबीन, हरभरा, मका अशा टिकाऊ मालाला तिचा उपयोग आहे. कांद्याला नाही, तो अजूनही चाळीत श्वास घेत पडून असतो आणि रोज थोडा थोडा घटतो. पण ज्याच्याकडे पावती आहे तो भावासाठी थांबू शकतो, आणि बाजारात थांबू शकणाऱ्यालाच भाव मिळतो, हे मी नोकरीभर पाहिले आहे.

सुनेने त्या साठ-बासष्ट गिऱ्हाइकांना स्वतः फोन केले. काहींनी पैसे परत मागितले, बहुतेकांनी चटणीसाठी आठ दिवस थांबायची तयारी दाखवली. नव्या करारात तिने दोन कलमे घालून घेतली : दर महिन्याला प्रत्यक्ष मोजणी, आणि तूट आली तर ती गोदामाच्या बिलातून वजा. रोज रात्री जेवणे आटोपली की ती दुकानाची आणि गोदामाची अशा दोन्ही याद्या समोर घेऊन बसते. किती मागण्या आल्या, किती पुडे निघाले, किती परत आले, किती पैसे जमा झाले. सासूबाईंना संगणक कळत नाही, पण जात्यावरून किती मसाला उतरला हे त्यांना तोंडपाठ असते. त्यांचा आकडा तिसरा. तिन्ही जुळले की त्या “लागला का गं मेळ?” म्हणून विचारतात आणि मगच दिवा मालवतात.

अक्षय्य तृतीयेला पाटल्या बँकेतून सुटल्या. गंठण अजून तिजोरीत आहे. त्याची किल्ली बँकेकडे आणि पावती तिच्याकडे. दर महिन्याला व्याज भरायला गेली की ती पावतीवरचे वजन एकदा वाचून पाहते. शाखेतला तरुण अधिकारी हसतो म्हणे. मी तिला सांगितले आहे, हसू दे. तू वाचत जा.